शहराचं ॲव्हरेज, हायवेचं ॲव्हरेज: दोन गाड्यांची तुलना नेमकी कशी करायची?

टाकी_फुल्ल

"अमुक गाडी किती देते?" याला एकच आकडा उत्तर म्हणून आला की तुलना तिथेच फसते. शहराचा आकडा वेगळा घ्या, हायवेचा वेगळा, आणि दोन्हींमधलं अंतर बघा. गाडीचा स्वभाव त्या अंतरात दिसतो. तिच्यात काही बिघडलं असेल तर तेही बऱ्याचदा तिथेच आधी दिसतं.

सुरुवातीला एक हिशेबाची चूक दुरुस्त करू, कारण ती जवळपास प्रत्येक चर्चेत येते. शहरात १२ आणि हायवेला २० देणाऱ्या गाडीची सरासरी १६ धरली जाते. १०० किमी शहरात चालवली तर ८.३३ लिटर लागले, १०० किमी हायवेला ५ लिटर. एकूण २०० किमीला १३.३३ लिटर, म्हणजे १५. किमी प्रति लिटरच्या आकड्यांची सरळ सरासरी निघत नाही, लिटरची निघते.

याच कारणाने १० ची गाडी १२ वर येणं हे २० ची गाडी २५ वर जाण्यापेक्षा मोठं काम आहे. १००० किमीमागे पहिलीत १६.७ लिटर वाचतात, दुसरीत १०. कागदावर मात्र २५ चा आकडा डोळ्यात भरतो.

म्हणून इथे लिहिताना लिटर प्रति १०० किमी हाही आकडा द्यावा ही विनंती. १०० ला किमी प्रति लिटरने भागलं की झालं.

वारा_आणि_वजन

धागा काढलात ते बरं केलंत. हायवेची बाजू आधी मांडतो, ती सोपी आहे.

सपाट रस्त्यावर एका वेगाने जाणाऱ्या गाडीला दोनच गोष्टी अडवतात: टायरचं लोळणं आणि हवा. टायरचा विरोध वेगाबरोबर फारसा बदलत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० ला गेलात की तो १.५६ पट, १२० ला गेलात की २.२५ पट.

१२०० किलोची मध्यम सेडान घ्या. ड्रॅग गुणांक (गाडीचा आकार हवेला किती अडतो याचं माप) ०.३०, समोरचं क्षेत्रफळ २.२ चौरस मीटर. टायरचा विरोध साधारण ११८ न्यूटन. हवेचा विरोध ८० ला १९६, १०० ला ३०६, १२० ला ४४० न्यूटन. एकूण झाले ३१४, ४२४ आणि ५५८. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि त्यातली ३० टक्के चाकांपर्यंत पोचते असं धरलं तर १०० किमीला ३.३, ४.४ आणि ५.८ लिटर लागतात. म्हणजे ३०, २३ आणि १७ किमी प्रति लिटर. ८० चा आकडा प्रत्यक्षात ३० च्या खाली राहतो, कारण हलक्या लोडवर पेट्रोल इंजिनाची कार्यक्षमता ३० टक्के टिकत नाही.

आता १७०० किलोची उंच एसयूव्ही. गुणांक ०.३५, क्षेत्रफळ २.६. हिला १०० च्या वेगाला ५८८ न्यूटन लागतात, सेडानला १२० ला लागतात त्याहूनही जास्त. त्यामुळे "हायवेला किती देते?" या प्रश्नाला "कोणत्या वेगाला?" हे शेपूट जोडल्याशिवाय उत्तर देऊ नये.

नवशिका_चालक

या हिशेबाने वेग जितका कमी तितकं ॲव्हरेज जास्त यायला हवं. शहरात वेग ३०-४० च असतो, मग तिथे उलट का होतं?

वारा_आणि_वजन

शहरातला ३० हा सरासरी वेग आहे, एकसारखा वेग नाही. वरच्या गिअरमध्ये ५० ते ७० च्या दरम्यान न थांबता चालली तर बहुतेक पेट्रोल गाड्या त्यांचा सगळ्यात चांगला आकडा देतात. शहरात ती संधी मिळत नाही. तिथे पेट्रोल तीन ठिकाणी जातं.

पहिलं म्हणजे थांबणं. १२०० किलोची गाडी ५० च्या वेगाला नेली की तिच्यात ११६ किलोज्यूल गतिज ऊर्जा साठते. इंजिन २५ टक्के कार्यक्षमतेने चालतंय असं धरलं तर त्यासाठी १४ ते १५ मिलिलिटर पेट्रोल जळतं. सिग्नलला ब्रेक दाबला की ते सगळं ब्रेक पॅड गरम करण्यात गेलं. किलोमीटरमागे असे दोन थांबे असतील तर १०० किमीला २.९ लिटर. १७०० किलोच्या गाडीला प्रत्येक थांबा २० मिलिलिटरला पडतो, म्हणून शहरात वजन नडतं आणि हायवेला आकार.

दुसरं, उभ्या गाडीचं चालू इंजिन. १.२ ते १.५ लिटरचं पेट्रोल इंजिन आयडलिंगला तासाला ०.६ ते ०.८ लिटर खातं. सरासरी वेग २० असेल तर १०० किमीला ५ तास लागतात. त्यातला एक तृतीयांश वेळ गाडी उभी असेल तर साधारण १.२ लिटर.

तिसरं, टायर आणि थोडी हवा. हलक्या लोडवर कार्यक्षमता २० टक्क्यांवर येते असं धरून २.६ लिटर.

बेरीज ६.७ लिटर, म्हणजे १५ किमी प्रति लिटर. हीच गाडी १०० च्या वेगाला २३ देत होती.

एसी_सुरू

वरच्या बेरजेत एसी नाही, आणि शहरात ती मोठी वजाबाकी आहे. कॉम्प्रेसर एक किलोवॉट घेतो असं धरा, कडक उन्हात याहून जास्त घेतो. तासाला ३.६ मेगाज्यूल, २५ टक्के कार्यक्षमतेने ०.४५ लिटर. एसी किलोमीटरवर नाही, तासावर खातो. २० च्या सरासरी वेगाला १०० किमीमागे २.२५ लिटर, ८० ला फक्त ०.५६. वरचे ६.७ लिटर ८.९५ झाले आणि १५ चे ११. तेव्हा "एसीने किती फरक पडतो?" याचं उत्तर शहर आणि हायवेसाठी चौपट वेगळं आहे.

हायवेला काचा उघड्या ठेवून एसी वाचवायचा प्रयत्न फारसा फळत नाही. उघड्या काचांचा वाढलेला हवेचा विरोध ती बचत बऱ्यापैकी खाऊन टाकतो.

पाचवा_गिअर

प्रत्यक्ष गाड्या शेजारी ठेवू. अमेरिकेच्या ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेचे आकडे सोयीचे आहेत, कारण ते शहर आणि हायवे वेगळे देतात. मैल प्रति गॅलनचे किमी प्रति लिटर केलेत, कंसात लिटर प्रति १०० किमी:

टोयोटा कोरोला एलई १.८, २०२०: शहर १२.८ (७.८), हायवे १६.२ (६.२)
टोयोटा कोरोला हायब्रिड, २०२०: शहर २२.५ (४.४), हायवे २२.१ (४.५)
टोयोटा फोररनर ४.० व्ही६, फोर व्हील ड्राइव्ह, २०२०: शहर ६.८ (१४.७), हायवे ८.१ (१२.४)
शेव्हरोले कॉर्व्हेट ६.२ व्ही८ मॅन्युअल, २०१९: शहर ६.८ (१४.७), हायवे १०.६ (९.४)

शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाचा. शहरात दोघी तंतोतंत सारख्या, हायवेला १०० किमीमागे ३ लिटरचा फरक. फोररनर दोन टनांच्या वर, चौकोनी, उंच. शहरात तिला वजन मारतं आणि हायवेला हवा, म्हणून तिची सुटका कुठेच नाही. कॉर्व्हेट बरीच हलकी आणि जमिनीलगत. तिचं शहरातलं दुखणं वेगळं आहे: ६.२ लिटरचं इंजिन आयडलिंगला आणि हलक्या लोडवर नुसतं स्वतःला फिरवण्यात पेट्रोल जाळतं. रस्ता मोकळा झाला, लांब सातवा गिअर पडला की ते दुखणं संपतं. "दोन्ही पितात" म्हणून सोडून दिलं तर ही गोष्ट कधीच कळत नाही.

दोन कोरोलांत शरीर एकच. हायब्रिडने शहरात ३.४ लिटर वाचवले, हायवेला १.७. शहरात ती ब्रेकिंगमधली ऊर्जा बॅटरीत परत घेते आणि सिग्नलला इंजिन बंद ठेवते. हायवेला ब्रेकच लागत नाही, मग परत काय घेणार? तिथला फायदा मुख्यतः ॲटकिन्सन सायकलच्या, म्हणजे थोडी ताकद सोडून इंधन वाचवणाऱ्या इंजिनाचा आहे. ज्याचं बहुतेक धावणं हायवेला आहे त्याने हायब्रिडचा हिशेब १.७ लिटरवर करावा.

डिझेल_नोंदवही

डिझेलची बाजू राहिली. पेट्रोल इंजिन हलक्या लोडवर थ्रॉटल (हवेची झडप) मिटून घेतं आणि प्रत्येक वेळी अर्धवट निर्वातातून हवा ओढण्यात ताकद घालवतं. डिझेलमध्ये भार इंधनाच्या मात्रेने ठरतो, हवा साधारण मोकळी येते. म्हणून डिझेलची शहरातली घसरण कमी असते आणि आयडलिंगचा खप तर बराच कमी. लिटरला ऊर्जाही जास्त: सुमारे ३६ मेगाज्यूल. १२ टक्क्यांचा फायदा तिथेच मिळतो, तो इंजिनाचं कौतुक म्हणून मोजू नये.

मात्र डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेली डिझेल गाडी फक्त छोट्या फेऱ्यांना वापरली तर हा फायदा उलटतो. फिल्टरमधली काजळी जाळायला गाडी जादा इंधन टाकून एक्झॉस्ट ६०० अंशांच्या आसपास नेते. खुणा ओळखीच्या आहेत: आयडलिंगचा आरपीएम थोडा चढतो, पंखा जोरात फिरतो, स्क्रीनवर तात्कालिक खप अचानक वाढतो. अशा वेळी इंजिन बंद केलं की ते काम अर्धवट राहतं, पुढच्या फेरीत पुन्हा सुरू होतं, आणि सिलिंडरमध्ये टाकलेलं न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर ऑइल बदला. खुणा दिसल्या तर गाडी १५-२० मिनिटं एकसारखी चालवून ते काम पूर्ण होऊ द्या.

छोट्या टर्बो पेट्रोलची शहर-हायवे दरी चालवणाऱ्याच्या पायावर ठरते. हळूवार चालवली तर छोट्या इंजिनासारखी, बूस्टमध्ये (टर्बो जोरात हवा दाबत असताना) ठेवली तर मोठ्या इंजिनासारखी. चढावर आणि १२० च्या पुढे सतत बूस्ट लागतो, काही इंजिनांमध्ये तापमान आवरायला मिश्रणातलं इंधनही वाढवलं जातं. एकाच मॉडेलचे दोन मालक अगदी वेगळे आकडे सांगतात, आणि दोघंही खरं बोलत असतात.

नवशिका_चालक

उतारावर न्यूट्रल करून गाडी सोडली तर वाचतं का?

स्पॅनर_१०

नाही, आणि ते धोक्याचंही आहे. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की साधारण १२०० ते १५०० आरपीएमच्या वर इंधन फवारणारे इंजेक्टर बंद होतात. चाकं इंजिन फिरवतात, इंधन शून्य. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला आयडलिंगचं पेट्रोल जळत राहतं आणि इंजिन ब्रेकिंगही जातं. लाल सिग्नल लांबून दिसला की गिअरमध्येच पाय काढा.

टाकी_फुल्ल

आता मोजणी. स्क्रीनवरचा आकडा इंजेक्टर किती वेळ उघडे होते यावरून काढलेला अंदाज असतो आणि तो बहुधा गाडीची बाजू घेतो. खरा आकडा टाकी ते टाकी पद्धतीनेच.

गाडी सपाट जागी उभी करा, शक्यतो त्याच पंपावर, त्याच नोझलला. नोझल पूर्ण आत, मध्यम वेगाने भरा आणि पहिल्या कट-ऑफला, म्हणजे नोझल आपोआप बंद पडलं की, थांबा. "अजून थोडं" म्हणून आकडा गोल करायला टाकलेलं पेट्रोल टाकीच्या मानेत चढतं, व्हेपरच्या नळीत जातं आणि पुढचा हिशेब बिघडवतं. डिझेलला फेस येतो, त्यामुळे कट-ऑफ लवकर पडतो; तिथेही दोन्ही वेळा पहिलाच कट-ऑफ धरा. ट्रिप मीटर शून्य करा.

दोन भरण्यांत कट-ऑफचा फरक एक लिटरपर्यंत पडू शकतो. १० लिटर वापरून मोजलंत तर चूक १० टक्के, ३५ लिटर वापरून मोजलंत तर ३ टक्के. सलग तीन टाक्यांची बेरीज घेतली की ती एक टक्क्याच्या आसपास येते. म्हणून १०० किमीच्या एका चाचणीवर दोन गाड्यांचा निवाडा करू नका.

टायरची झीजही धरा. नवा टायर ८ मिमी खाचेचा, झिजून २ मिमी राहिला की व्यास १२ मिमीने घटतो. साधारण ६०० मिमीच्या टायरला हे २ टक्के. ओडोमीटर तेवढा जास्त धावतो आणि ॲव्हरेज फुकटचं २ टक्के चांगलं दिसतं. नवे टायर घातल्यावर "ॲव्हरेज पडलं" या तक्रारीतला एक भाग हाच असतो. पडताळायला जीपीएसवर ५० किमी मोजून ओडोमीटरशी ताडून बघा.

पाचवा_गिअर

जाहिरातीतल्या आकड्यांबद्दलही सांगायला हवं. वेगवेगळ्या चाचण्यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवू नका. ईपीएच्या मूळ हायवे चाचणीत सरासरी वेग ७८ च्या आसपास आणि कमाल ९७ च्या खाली. २००८ च्या मॉडेलांपासून त्यात १२९ पर्यंत जाणारी वेगवान फेरी, ३५ अंशांतली एसीची फेरी आणि उणे ७ अंशांतली थंड फेरी यांचा हिशेब धरला जातो, म्हणून ते आकडे रस्त्याच्या जवळ आहेत. युरोपात २०१७ पासून लागू झालेली डब्ल्यूएलटीपी ही चाचणी २३ किमीची, ३० मिनिटांची, कमाल वेग १३१. भारतातली एमआयडीसी (मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल) ही चाचणी जुन्या युरोपीय चाचणीवर बेतलेली, तिचा कमाल वेग ९० वर थांबतो. वर दिलेला हवेचा हिशेब आठवा, म्हणजे ९० ला थांबणारी चाचणी उंच गाडीला किती सवलत देते ते कळेल.

इंधनही तेच हवं. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये लिटरमागे साधारण ६ ते ७ टक्के ऊर्जा कमी असते. सीएनजी तर किलोत मोजतात: एका किलोत साधारण दीड लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा. किलोला २५ देणारी गाडी ऊर्जेच्या मापाने लिटरला १७ च देते. खर्चाची तुलना वेगळी करा, गाडीची वेगळी.

स्पॅनर_१०

दरीचा खरा उपयोग बिघाड शोधायला होतो. तिन्ही शक्यता वेगळ्या ठेवा.

फक्त शहराचा आकडा पडला: ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं यंत्र) लावून आयडलिंगला लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे संगणक ठरलेल्यापेक्षा किती टक्के इंधन वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा. अधिक-उणे ५ टक्के ठीक. आयडलिंगला अधिक १० च्या वर आणि २५०० आरपीएमला सामान्य असेल तर कुठेतरी व्हॅक्यूम गळतोय, म्हणजे न मोजलेली हवा आत शिरतेय: इनटेकचं गॅस्केट, ब्रेक बूस्टरची नळी, तडकलेला पीसीव्ही (इंजिनातली वाफ परत ओढणारा) पाइप. ट्रिम उणेत खोल असेल तर गळका इंजेक्टर किंवा उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारी झडप). स्टार्ट-स्टॉपची गाडी सिग्नलला बंदच होत नसेल तर आधी १२ व्होल्टची बॅटरी तपासा, ती कमजोर झाली की प्रणाली स्वतःहून गप्प बसते.

फक्त हायवेचा पडला: छतावर कॅरिअर आहे का, तो आधी उतरवा, रिकामा असला तरी. मग कूलंटचं तापमान बघा. ट्रॅफिकमध्ये ९० आणि हायवेला लागल्यावर ७० वर उतरत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे. इंजिन गरमच झालेलं नाही असं समजून ईसीयू (इंजिनाचा संगणक) जादा इंधन देत राहतो, काही ऑटोमॅटिकमध्ये लॉक-अपही (टॉर्क कन्व्हर्टरने इंजिन आणि गिअरबॉक्स न घसरता थेट जोडणं) पडू देत नाही. लॉक-अप तपासायचं असेल तर ८० ला स्थिर ठेवून ॲक्सिलरेटर अगदी हलका दाबा. वेग न वाढता आरपीएम २००-३०० ने चढला तर टॉर्क कन्व्हर्टर लॉक झालेला नाही. भार वाढला की ट्रिम अधिक होत असेल तर मास एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) मळलेला आहे किंवा इंधनाचा दाब कमी पडतोय.

दोन्ही पडले: ब्रेक धरतोय का बघा. थोडं अंतर ब्रेक न वापरता चालवा, हळूहळू थांबा आणि चारही रिमजवळ हात न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर तिथला कॅलिपरचा स्लाइड पिन सुकला आहे किंवा हँडब्रेकची केबल पूर्ण सुटत नाही. जॅकवर उचलून चाक हाताने फिरवा. घासण्याचा आवाज थोडा चालेल, अडकणं चालणार नाही. पिन साफ करून ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा, साधं ग्रीस रबर फुगवतं.

हवा कमी असण्याला लोक गरजेपेक्षा जास्त दोष देतात. चारही टायरांत ५ पीएसआय कमी असेल तर परिणाम साधारण १ टक्का. हवा जरूर भरा, टायरच्या आयुष्यासाठी आणि ब्रेकिंगसाठी भरा, पण ॲव्हरेज १५ टक्के पडलंय तर कारण दुसरीकडे आहे. तसंच एअर फिल्टरचं. आजच्या इंजेक्शन इंजिनात मळका फिल्टर पीकअप मारतो, ॲव्हरेजला फारसा धक्का लावत नाही.

नवशिका_चालक

माझी प्रत्येक टाकी मिश्र असते, थोडं शहर, थोडा हायवे. अशात दोन्ही आकडे वेगळे कसे काढायचे?

टाकी_फुल्ल

दोन टाक्या आणि दोन समीकरणं. पहिली टाकी शहराकडे झुकलेली: ४०० किमी शहर, १०० हायवे, लागले ३७.५ लिटर. दुसरी हायवेकडे: १२० शहर, ४८० हायवे, लागले ३६ लिटर. १०० किमीला शहरात लागणारे लिटर श, हायवेला लागणारे ह धरले तर ४श + १ह = ३७.५ आणि १.२श + ४.८ह = ३६. सोडवलं की हायवे ५.५, शहर ८ लिटर प्रति १०० किमी. म्हणजे १८.२ आणि १२.५. किमीची विभागणी ट्रिप बी, म्हणजे दुसऱ्या ट्रिप मीटरवर करा: हायवेला लागताना शून्य, उतरताना नोंद.

वारा_आणि_वजन

पद्धत बरोबर आहे, फक्त दोन टाक्या खरोखर वेगळ्या हव्यात. वरच्या उदाहरणात दुसऱ्या टाकीत एक लिटरची चूक झाली तर हायवेचा आकडा ०.२ लिटरने हलतो. तीच चूक ५०० किमीच्या ६०-४० आणि ४०-६० अशा दोन टाक्यांत झाली तर ०.६ लिटरने. सगळ्या टाक्या सारख्याच मिश्रणाच्या असतील तर एक टाकी मुद्दाम शहराबाहेरची करा आणि तेव्हा एसीची सेटिंग तीच ठेवा.